पन्हळीपर्यंत पोचणारा दांडा
पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, 1962 साली एमआयडीसी आली आणि हळूहळू माळरानावर शेडच शेड दिसू लागल्या. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत पाचोळा अडकला की पावसाचं पाणी थेट मशिनवर!

उपाय जुनाच: बांबूला खराटा बांधा, नाहीतर माणूस वर चढवा. सिमेंटचे पत्रे ठिसूळ. पाय चुकला की माणूस खाली.

पुढे अ‍ॅल्युमिनियमचा सरकता दांडा आला. स्वस्त, हलका, पण वीजवाहक. महागडं कार्बन फायबरही वीजवाहकच. विजेच्या तारांच्या आसपास कोरडं ग्लास फायबर बरं, तेही अंतर राखून. पन्हळीखेरीज, चाकणच्या कारखान्यांच्या काचेच्या दर्शनी भिंती धुवायला ब्रशपर्यंत पाणी नेणारा दांडा सोयीचा. मात्र लांबी वाढली की टोक डुलतं आणि खांदे भरून येतात.