तीसच पेशंट!

हेरॉइन, मॉर्फिनच्या व्यसनावर औषध आहे आणि ते द्यायला साधा फॅमिली डॉक्टर पुरतो. पण अमेरिकेत त्या डॉक्टरचे हात मोकळे व्हायला १०० वर्षं लागली.

१९१४ चा हॅरिसन कायदा दिसायला कराचा. पण १९१९ मध्ये मेम्फिसच्या डॉ. वेब यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की व्यसनी माणसाला नुसतं तगवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणं हे प्रिस्क्रिप्शनच नव्हे. झालं! डॉक्टरांची धरपकड सुरू झाली. लुइझियानात श्रीव्हपोर्टला डॉ. विलिस बटलर असं क्लिनिक चालवत, तेही १९२३ मध्ये बंद पाडलं. मग कुठला शहाणा डॉक्टर या भानगडीत पडेल?

१९६५ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वांडर यांनी न्यूयॉर्कमधल्या २२ हेरॉइनग्रस्तांना मेथाडोन दिल्याचा अहवाल छापला. माणसं पुन्हा शाळेत, नोकरीत जाऊ लागली होती. सरकारने मेथाडोनला मान्यता दिली खरी, पण वेगळ्या क्लिनिकांपुरती. म्हणजे डोससाठी रोज रांगेत उभं राहायचं. नोकरी सांभाळून हे कसं जमवायचं, ते ज्याचं त्याने बघावं.

दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन. ते इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमन कंपनीत सापडलं (हो, तेच डेटॉलवाले!). ते मेंदूत हेरॉइनच्याच जागेवर जाऊन बसतं, पण काम अर्धवट करतं. तलफ भागते, आणि डोस वाढवला तरी श्वास मंदावणं एका मर्यादेपुढे जात नाही. जीव वाचतो तो इथे.

आता १९९६ साल बघा. फ्रान्सने हे औषध सरळ फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिलं, वेगळ्या कोर्सची अटही नाही. १९९५ ते १९९९ दरम्यान तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय या एका गोळीचं नाही, मेथाडोन आणि स्वच्छ सुयाही त्याच काळात वाढल्या. काहींनी गोळ्या कुटून टोचून घेतल्या, काही काळ्या बाजारात गेल्या, हेही खरंच.

त्याच १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात काय आलं? ऑक्सिकॉन्टिन! ही वेदनाशामक गोळी कितीही पेशंटांना लिहा, आकड्याची मर्यादा नाही. तिचं व्यसन सोडवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनसाठी मात्र २००० चा खास कायदा, २००२ मध्ये मान्यता, ८ तासांचा कोर्स, वेगळा परवाना आणि सुरुवातीला फक्त ३० पेशंट. एकतिसाव्याला काय सांगायचं? 'थांबा'? थांबलेला माणूस दरम्यान हेरॉइनकडेच जाणार ना! हा नियम ज्याने लिहिला त्याने ती वेटिंग लिस्ट कधी पाहिली नसावी.

मर्यादा पुढे १०० झाली, मग २७५. २०२१ या एका वर्षात ओपिऑइडच्या ओव्हरडोसने ८०,००० हून जास्त माणसं गेली. डिसेंबर २०२२ मध्ये तो परवाना अखेर रद्द झाला. त्यानंतर औषध लिहून देणारे डॉक्टर वाढले, पण घेणारे पेशंट लगेच फारसे वाढले नाहीत. 'हे आपले पेशंट नव्हेत' हे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकत आल्या होत्या, आणि ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं.