धुरातील चेहरे : छायाचित्रकार हर्मन लेनर्ड

गायकाचा कंठ ध्वनिमुद्रिकेने जतन केला. परंतु तो गाताना दिसे कसा, वादकाच्या कपाळावर घाम कसा दाटे, हे जतन करण्याचे काम छायाचित्रकाराच्या वाट्यास आले. आपल्याकडील जुन्या संगीत नाटकांच्या नटांचे फोटो घरोघरी जपलेले आढळतात. ते काढणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणास सांगता येते. अमेरिकेतील जाझ संगीताच्या ऐन बहराचे चेहरे ज्यांनी टिपले, त्या हर्मन लेनर्ड यांच्याही वाट्यास अशीच अज्ञातता आली असती. ती कशी टळली, हे पाहण्याजोगे आहे.

जाझ हे मुख्यतः अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी घडविलेले संगीत. आपल्या गवयाप्रमाणे तेथील वादकही जागच्या जागी विस्तार करीत जातो. मुंबईकरांस हे संगीत अगदीच परके नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचे पथक ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आले होते, आणि पुढे अनेक गोमंतकीय वादकांनी ही विद्या आत्मसात केली.

लेनर्ड यांचा जन्म ६ मार्च १९२३ रोजी पेन्सिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे, रुमानियाहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील बंधूंच्या अंधारखोलीत कोऱ्या कागदावर हळूहळू चित्र उमटताना त्यांनी नवव्या वर्षी पाहिले, आणि त्या विद्येचा त्यांना ध्यास लागला. छायाचित्रणाची पदवी देणाऱ्या ओहायो विद्यापीठात त्यांनी नाव घातले. पण मध्येच महायुद्ध आले. सैन्याच्या छायाचित्रकार विभागाने घेतलेल्या परीक्षेत चित्र धुण्याच्या द्रावणातील रसायने सांगता न आल्याने ते नापास झाले, आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जखमींना भूल देण्याच्या कामावर झाली!

१९४७ मध्ये पदवी मिळताच ते मोटारीने थेट कॅनडातील ओटावा शहरी, यूसुफ कार्श यांच्या दारी गेले. चर्चिल यांचे ते सुप्रसिद्ध करारी छायाचित्र काढणारे कार्श ते हेच. लेनर्ड यांनी वर्षभर बिनपगारी उमेदवारी केली. आइन्स्टाइन, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन अशांची छायाचित्रे घेताना ते गुरूच्या हाताखाली दिवे हलवीत. थोर पुरुषाचा चेहरा प्रकाशाने कसा घडवावा, ही विद्या त्यांनी तेथे मिळविली.

१९४८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात स्वतःचा स्टुडिओ थाटला. पोटासाठी मासिकांची कामे होतीच, पण मन रात्रीच्या जाझ क्लबांत गुंतलेले. तेथील प्रवेशमूल्य परवडेना. तेव्हा त्यांनी मालकांशी सौदा केला : मला आत येऊ द्या, तुम्हांस जाहिरातीसाठी फोटो देतो. वादकांनाही ते आपल्या प्रती भेट देत. रॉयल रूस्ट, बर्डलँड अशा क्लबांत चार्ली पार्कर, बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी यांची जी चित्रे निघाली, ती अशा व्यवहारातून.

ते काम सोपे नव्हते. त्यांचा स्पीड ग्राफिक कॅमेरा अवजड, आणि त्या काळची फिल्म मंद. तिची ग्रहणशक्ती वाढावी म्हणून ते तिला पाऱ्याच्या वाफेचा संस्कार देत. क्लबातील दिव्यांच्या जवळच ते आपले एक-दोन दिवे लावीत, त्यांतील एक बहुधा वादकाच्या मागे. मागून आलेल्या त्या प्रकाशात सिगारेटचा धूर चांदीसारखा उजळे. १९४८ मधील डेक्स्टर गॉर्डन यांचे चित्र याचा उत्तम नमुना होय : मांडीवर सॅक्सोफोन, आणि चेहऱ्याभोवती चढत जाणारा धूर. पुढे या युक्तीचे इतके अनुकरण झाले की तिचा वीट यावा; तो दोष अर्थातच लेनर्ड यांचा नव्हे.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व धुरात नाहीच. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांस गोऱ्यांच्या शेजारी बसण्यासही कायद्याने मज्जाव होता. अशा काळात कार्श यांनी राष्ट्रप्रमुखांसाठी योजिलेला प्रकाश या तरुणाने क्लबात वाजविणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांवर टाकला. कोठे केविलवाणेपणा नाही, कोठे विदूषकी हास्य नाही. लेस्टर यंग यांच्या एका चित्रात तर मनुष्यच नाही. त्यांची टोपी, वाद्याची पेटी आणि बाटलीच्या तोंडावर ठेवलेली जळती सिगारेट एवढेच आहे. तरीही ती व्यक्ती ओळखू येते.

१९५६ मध्ये नट मार्लन ब्रँडो यांच्यासमवेत पूर्वेकडील देशांचा प्रवास करून लेनर्ड पॅरिसला स्थायिक झाले. तेथे फॅशन व जाहिरातींची कामे केली. नंतर काही वर्षे स्पेनच्या इबिझा बेटावर काढली. जाझची चित्रे या सर्व काळात बहुतेक पडूनच होती. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९८८ मध्ये लंडनला प्रदर्शन भरले. ते पाहण्यास दहा हजारांहून अधिक माणसे आली. चाळीस वर्षांपूर्वी तिकिटाऐवजी दिलेल्या चित्रांना अशी कीर्ती लाभली, तेव्हा चित्रकर्ता पासष्ट वर्षांचा होता.

पुढे ते जाझच्या जन्मभूमीत, न्यू ऑर्लिन्स शहरी राहावयास गेले. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाने तेथील बंधारे फुटले. त्यांच्या घरात पाणी शिरले आणि सुमारे आठ हजार छापील चित्रे नष्ट झाली. प्रत्येक चित्र छापताना किती प्रकाश द्यावयाचा, याची आयुष्यभर ठेवलेली टिपणेही गेली. मूळ निगेटिव्ह मात्र ऑग्डेन कलासंग्रहालयाच्या तिजोरीत सुरक्षित होत्या. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते कॅलिफोर्नियात गेले आणि जुन्या निगेटिव्ह प्रकाशासमोर धरून पुन्हा कामास लागले. २००८ मध्ये ग्रॅमी प्रतिष्ठानाने या संग्रहाच्या जतनासाठी अनुदान दिले. निगेटिव्हांची संख्या सुमारे साठ हजार. त्यांची सूची व संगणकीय प्रती करण्याचे काम चालू असतानाच, १४ ऑगस्ट २०१० रोजी, लॉस एंजेलिस येथे लेनर्ड यांचे निधन झाले.