चकाकीखालचे हात

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं गाव. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. इथं आपल्या वस्तीत भीमजयंतीला गायन पार्टी बसली की कुणाच्या तरी हातात तुणतुणं असतंच. लाकडाचा पोकळ नळा, बुडाला कातडं, बाजूला काठी अन् एक तार. नळ्यावर पटाशीचे घाव तसेच दिसतात. आता मैफलीतला तंबोरा बघा. त्यात तोंड दिसतं! मित्रांनो, प्रश्न साधा आहे. ही चकाकी आली कुठून? आणि तिच्याखाली काय झाकलं गेलं?

चकाकी लाखेची. लाख म्हणजे किड्याच्या अंगातली राळ. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर किडे चिकटतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळ सोडतात. त्या फांद्या तोडायच्या, राळ खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ पत्रे ओढायचे. झाली चपडी. आपल्याकडं गोंदिया भागात हा धंदा चालत आला. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली, कारण जगाला लाख हवी होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. त्या जुन्या तबकड्यांतही लाखच होती. तबकडीवर गाणारीचं नाव छापलं, कंपनीचं छापलं. रानात फांदी खरवडणाऱ्या आदिवासी बाईचं नाव कुठं छापलंय?

आता मिरजेची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथं फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ शिकलगारी करायचे. शिकलगार म्हणजे तलवारीला धार लावणारा, पाणी देणारा. इंग्रज आले, तलवारी म्यानात गेल्या, पोटाचा प्रश्न उभा राहिला. मग या मुसलमान कारागिरांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, पुढं स्वतः घडवली. भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनीचं लाकूड अन् वर लाखेचं पॉलिश. हत्याराला चकाकी देणारा हात सतारीला चकाकी देऊ लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी सरकारी कागदावर या कामाची नोंद झाली. संगीताच्या इतिहासात मात्र पानंच्या पानं संस्थानिकांना आणि बुवा-खाँसाहेबांना, कारागिराला एखादी ओळ.

पॉलिशचं काम बघण्यासारखं असतं. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची. कापडाचा बोळा करून हलक्या हातानं गोल गोल फिरवायचा. बोळा थांबला की चिकटला, चरा पडला. हवेत ओल असली तर पांढरट डाग येतो. नवा थर खालच्या थरात मुरतो, दोघं एक होतात. पण लक्षात ठेवा, पातळ लाख काही लपवत नाही. लाकडाची रग, पटाशीचा घाव जसाच्या तसा वर येतो, बोटाला लागतो. आरसा करायचा असेल तर आधी लाकडाची भोकं बुजवावी लागतात, मग पॉलिश पेपरनं घासून घासून घाव मारावे लागतात.

इतिहासाचं असंच केलं गेलंय. भोकं बुजवली, घाव घासले, वर चकाकी चढवली.

त्या चकाकीखाली काय आहे ते ऐका. सतार-तंबोऱ्याची तार जिच्यावर टेकते ती घोडी हाडाची नाहीतर शिंगाची. सारंगीची तात बकऱ्याच्या आतड्याची, तिच्या पोटावर कातडं. आतडं, हाड, कातडं! हाडाच्या घोडीचा तंबोरा देवळात गाभाऱ्यासमोर वाजला, कुणाला विटाळ झाला नाही. पण गावचं मेलेलं ढोर ओढणारा आपला आजा देवळाच्या पायरीला शिवला असता तर? काळारामाच्या दारात १९३० पासून पाच वर्षं आपली माणसं उभी होती. हाड आत, हाड ओढणारा बाहेर. कसला हा विटाळ? विटाळ हाडाला नव्हता, माणसाला चिकटवला होता.

म्हणून बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आपण सोडलं. वाद्य मात्र सोडलं नाही. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गेली, रात्र रात्र माणसं बसली. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला चळवळ कानानं कळली. त्या आवाजाला पॉलिश नव्हतं, म्हणून तो पोचला नाही असं कोण म्हणेल? अन् स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. म्हणजे मैफलीचं वाद्यही आपलंच आहे, ते कुणाच्या बापाचं नाही.

तेव्हा पोरांनो, वस्तीतलं तुणतुणं माळ्यावर धूळ खात पडलं असेल तर खाली काढा. लाखेचे दोन पातळ हात मारा, लाकूड टिकेल. पण पटाशीचे घाव घासू नका. ते ज्यानं घडवलं त्याच्या हाताची तेवढीच खूण उरलीय. आणि म्हाताऱ्यांना विचारा, हे कुणी कोरलं, कातडं कुणी मढवलं, कुणी वाजवलं. नावं वहीत लिहून ठेवा. आपला इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.

जय भीम.