तळटीप : हाल साफ्लिएनीचे भुयार

१. माल्टा बेटावरील पाओला गावाखाली, चुनखडीत तीन मजले खोल कोरलेले दफनस्थान. काळ साधारण इ.स.पू. ४००० ते २५००, म्हणजे बेटावर धातूची हत्यारे येण्यापूर्वीचा. तरीही एका दालनातले खांब आणि चौकटी जमिनीवरच्या दगडी मंदिरांसारख्या घडवल्या आहेत. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष येथे असावेत असा अंदाज आहे. १९०२ मध्ये नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खणताना कामगारांना भुयार लागले. पहिले उत्खनन करणारे फादर मानवेल माग्री १९०७ मध्ये वारले आणि त्यांच्या नोंदी हरवल्या. हे नुकसान कधीच भरून येणार नाही. पुढचे काम थेमिस्तोक्लिस झामित यांनी केले. छतावरची तांबड्या गेरूची वेटोळी नक्षी माणसांच्या श्वासातील दमटपणाने आणि कार्बन डायऑक्साइडने खराब होते, म्हणून रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात. ही मर्यादा योग्यच आहे. जायचे असल्यास विमानाच्या तिकिटाआधी हे तिकीट काढावे. ‘निद्रिस्त स्त्री’ ही येथेच सापडलेली प्रसिद्ध मृण्मूर्ती मात्र व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. — संपादक