चांदमारीच्या शोधात

‘चांदमारी’ हा शब्द आमच्या रामाकोन्यात मराठी बोलणाऱ्याला कळतो तसाच हिंदी बोलणाऱ्यालाही कळतो. नेमबाजीच्या सरावाची जागा ती चांदमारी. थेट गुवाहाटीपर्यंत वस्त्यांना हे नाव चिकटलेले आढळते. बंदुका गेल्या, घरे आली, नाव तेवढे राहिले. इंग्रजांची पलटण जिथे उतरली तिथे गावाबाहेर मातीचा उंच बंधारा उभा राहायचा. त्याच्यापुढे निशाणे आणि बाजूला धोक्याचा लाल झेंडा.

माझा या विषयाशी संबंध केवळ ग्रंथांपुरता नाही. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्याला लावली होती. तिचा धक्का आठवडाभर पुरला, आणि आठवण तीस-पस्तीस वर्षे. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा शिकावेसे वाटले, तेही लांब पल्ल्याचे. “सर, या वयात नेम कुणावर?” असे बाजाराच्या दिवशी विचारणारे भेटलेच. पण खरा प्रश्न निराळा होता. नेम धरायचा कुठे? जागा शोधू लागलो आणि इतिहासात जाऊन पोहोचलो.

आमच्याकडून वाहत गेलेली कन्हान खाली कामठीला जाते. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. लांब पल्ल्याची रायफल आमच्या मुलखात आली ती छावणीबरोबर, आणि तिच्यासाठी लागणारी जमीनही छावणीच्याच ताब्यात राहिली. पुढे १८७८ चा शस्त्रकायदा झाला. त्यात युरोपियनांना सूट होती. इथल्या माणसाला मात्र परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. त्याच काळात खुद्द इंग्लंडात काय चालले होते पाहा. १८६० साली विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाच्या हातून पहिली गोळी झाडून नागरिकांच्या रायफल स्पर्धांना आरंभ झाला. १८९० मध्ये त्या बिस्लेला गेल्या, आणि हजार यार्डांवर नेम धरणे हा तिथे नागरिकांचा छंद होऊन बसला. एकाच राणीचे राज्य, पण तिथल्या प्रजेला मैदान आणि इथल्या प्रजेला कलम!

हे कलम नागपूरकरांना बोचत होतेच. १९२७ मध्ये मंचरशा आवारी, म्हणजे आपले ‘जनरल आवारी’, यांनी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. तलवारी घेऊन उघड मिरवणुका निघाल्या. गांधीजींना हा प्रकार मानवला नाही, त्यांनी पाठिंबा दिला नाही. माझ्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी सयुक्तिक होते. पण आमच्या पाठ्यपुस्तकांत आवारींना एक ओळही मिळू नये याचे मला वाईट वाटते. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, नागपूरच्याच डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभारले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असतील. सामान्य घरातल्या मुलाच्या हाती रायफल द्यायची तर आधी जागा हवी, हे मात्र त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर वाटा थोड्या मोकळ्या झाल्या. १९४८ मध्ये एन.सी.सी. आली. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले दादासाहेब मावळंकर, हेच पुढे लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादचा हा मराठी वकील गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंग भोगून आलेला. अशा माणसाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद घ्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. परवानगी, शिस्त आणि मैदान असले की बंदूक हे क्रीडासाहित्य होते, एवढेच त्यांनी मानले असावे.

मात्र १ नोव्हेंबर १९५६ आला. तोवर नागपूर ही आमचीच राजधानी होती. त्या दिवसापासून ते परराज्य झाले आणि आमची राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला गेली. भाषा, सोयरीक, बाजार, दवाखाना सगळे नागपूरकडे, कागदपत्रे भोपाळकडे. बंदुकीच्या परवान्यावर तर तो कोणत्या प्रदेशात चालेल हे लिहिलेले असते. नातेवाइकाच्या लग्नाला सीमा ओलांडताना कुणी विचारत नाही, रायफल घेऊन ओलांडायची तर त्या एका ओळीवर सारे अवलंबून. इकडे ‘शस्त्र अनुज्ञप्ति’, तिकडे ‘शस्त्र परवाना’. २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा झाला, म्हणजे जिल्हाधिकारी तेवढे जवळ आले. मैदान होते तिथेच.

मध्य प्रदेशात नेमबाजीची सोय नाही असे मुळीच नाही. भोपाळजवळच्या अकादमीच्या रेंजवर २०२३ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. महूला सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. पण ती आहे निवडक तरुणांची आणि जवानांची व्यवस्था. पन्नाशीतला नवशिका तिथे कुठे बसणार? शिवाय खेळाचे अंतरही आखडत गेले. तीनशे मीटरची रायफल स्पर्धा १९७२ नंतर ऑलिंपिकमधून गेली, १९८४ मध्ये दहा मीटरची एअर रायफल आली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले आणि राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक. दोन्ही पन्नास मीटरवर. त्यापुढचे अंतर पुन्हा सैन्याकडेच.

“तुमचे शेत आहे ना, तिथे मारा,” असा सल्ला मला मिळाला आहे. एका सकाळी नववीच्या मुलांना घेऊन तीनशे मीटर पावलांनी मोजले. वाटेत संत्र्याची बाग, दोन विहिरी, एक गोठा, आणि टोकाला बकऱ्या चारणारी म्हातारी. बरे, गोळी तीनशे मीटरवर थांबत नाही. लहानशा पॉइंट टू-टू गोळीच्या डब्यावरही दीड मैलांपर्यंत धोक्याचा इशारा छापलेला असतो. मोठ्या रायफलीची गोळी त्याहून कितीतरी दूर जाते. निशाणामागे टेकडी किंवा भक्कम बंधारा आणि त्यामागे निर्मनुष्य जमीन हवी. आमच्याकडे टेकड्या आहेत, पण त्या वनखात्याच्या, आणि तिथे बंदूक घेऊन शिरलेला माणूस शिकारीच ठरतो.

म्हणून सध्या मी दहा मीटरवर समाधान मानले आहे. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची, ठरावीक मर्यादेतल्या जोराची एअर रायफल परवान्यावाचून बाळगता येते, आणि परवानाधारक क्लबचा सभासद क्लबच्या हत्याराने त्यांच्या रेंजवर सराव करू शकतो. हे अंतर पोरखेळ समजू नये. तीनशे मीटरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ दहा सेंटिमीटरचे असते. दहा मीटरच्या निशाणावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! श्वास, चाप, पायांची ठेवण, सगळे इथे शिकता येते. शिकता येत नाही तो वारा. लांब पल्ल्यावर गोळी वाऱ्याने किती सरकेल हे झेंड्याच्या फडफडीवरून आणि तापलेल्या जमिनीवरच्या मृगजळावरून ओळखावे लागते, आणि ते बंद हॉलमध्ये दिसत नाही.

सैन्याची मैदाने वर्षातले सगळे दिवस वापरात नसतात. परवानाधारक नागरिकांना सुरक्षिततेच्या सर्व अटींवर त्यांतले दोन-चार दिवस द्यावेत आणि त्यात सीमेवरच्या दोन्ही राज्यांतल्या लोकांना घ्यावे, असा अर्ज मी तयार केला आहे. एक प्रत हिंदीत, एक मराठीत. दोन्हींत ‘चांदमारी’ हा शब्द तसाच ठेवला आहे.