पंतोजींची रीत विलायतेला जाऊन येते

मागच्या वेळी आपण पंतोजींच्या शाळेपर्यंत आलो होतो. ओसरीवर दाटीने बसलेली पोरं, पुढ्यात धुळपाटी आणि पंतोजी एकटे. एवढ्यांना सांभाळायचं कसं? मोठ्या मुलाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पावकी, निमकी, दिडकी अशीच पाठ व्हायची. छडी होतीच, अंगठे धरून उभं राहणंही होतं. तेव्हा त्या शाळेचे गोडवे आपण गाऊ नयेत.

पण ही रीत महाराष्ट्रापुरती नव्हती, म्हणून आता मद्रासला जाऊ. तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ साली अँड्र्यू बेल हे पाद्री देखरेखीला आले. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याकडे हे करा म्हणाले, तर शिक्षक तयार होईनात. मग बेल यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गावर नेमलं, आणि त्याने ते करून दाखवलं! १७९७ मध्ये बेल यांनी हा प्रयोग लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला.

लंडनमध्येच जोसेफ लँकेस्टर गरिबांच्या मुलांसाठी अशीच शाळा चालवू लागले. एक मास्तर, शेकडो मुलं, मध्ये मॉनिटर. (श्रेय कोणाचं, यावरून दोघांच्या समर्थकांत पुढे चांगलीच जुंपली.) लँकेस्टर क्वेकर पंथाचे, छडी त्यांना नको होती. मग मुलं ऐकणार कशी? चांगल्या कामाला तिकिटं, ती साठवली की खेळणं. चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका, नाहीतर त्याला टोपलीत बसवून छताला टांगायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अंगावर वळ नाही, हसं मात्र पुरेपूर. याला दयाळू सुधारणा म्हणायला आमची जीभ रेटत नाही. छडीचा मार घरी जाईपर्यंत ओसरतो. चारचौघांत झालेलं हसं दुसऱ्या दिवशीही वर्गात हजर असतं.

१८२० नंतर मुंबईत नेटिव स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने आपल्या शाळांसाठी हीच पद्धत पसंत केली. म्हणजे जिथे थोरली पोरं धाकट्यांना पाढे सांगतच होती, तिथे ती रीत विलायती म्हणून आली.

त्यातला मॉनिटर हा शब्द आपल्याकडे टिकला. आमच्याही वर्गात होता एक. फ्रिस्केन अक्षरं शिकवायचा. आमचा मॉनिटर बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा.