बॉम्बे रक्तगट

तांबड्या पेशींवर एच हा प्रतिजन नसलेला दुर्मिळ रक्तगट. मुंबईतील वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याची प्रथम नोंद केली. नाव मुंबईचे असले, तरी सातारा, सांगली, कोल्हापूर व दक्षिण कोकण या भागांतील कुटुंबांतही तो आढळतो.

प्रथिन व अनुक्रम : ए आणि बी हे प्रतिजन एच प्रतिजनाच्या पायावर तयार होतात. एफयूटी1 हे एंझाइम पेशीपृष्ठावरील शर्करासाखळीला फ्यूकोज ही शर्करा जोडून एच घडविते आणि त्यानंतर ए किंवा बी एंझाइम त्यावर आपापली शर्करा चढविते. ए व बी या दोन एंझाइमांचे अनुक्रम, म्हणजे अमिनो आम्लांची क्रमवारी, एकाखाली एक मांडले असता 354 स्थानांपैकी केवळ 176, 235, 266 व 268 या चार ठिकाणी ठळक फरक दिसतो. ए एंझाइमात तेथे अनुक्रमे आर्जिनीन, ग्लायसीन, ल्यूसीन व ग्लायसीन असतात, तर बी एंझाइमात ग्लायसीन, सेरीन, मिथिओनीन व ॲलानीन. भारतातील बॉम्बे रक्तगटात प्रामुख्याने आढळणारा दोष याहूनही छोटा आहे : एफयूटी1 च्या 365 अमिनो आम्लांच्या साखळीत 242 व्या स्थानी जलविरोधी ल्यूसीनऐवजी धनभारित आर्जिनीन येते, एंझाइम निकामी होते आणि ए वा बी चे जनुक शाबूत असूनही पेशीवर त्याची खूण उमटत नाही. सोबत लाळेतील एच घडविणारे एफयूटी2 हे जनुकही लुप्त असल्याने तेथेही एच नसतो.

अनुवंश : दोष अप्रभावी असल्याने तो आई व वडील या दोघांकडून यावा लागतो. सातारा-सांगलीकडे मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी असल्याने एकाच पूर्वजाचे दुर्मिळ जनुक दोन्ही बाजूंनी अपत्यात येण्याचा संभव वाढतो.

निदान : प्रति-ए व प्रति-बी द्रवांनी पेशींचे पुंजके होत नाहीत, म्हणून केवळ पेशी तपासल्यास रक्त ‘ओ’ ठरते; मात्र अशा व्यक्तीच्या सीरममध्ये ओ पेशी मिसळताच पुंजके होतात, कारण तिच्या रक्तात एच विरुद्धची प्रतिपिंडे निसर्गतःच असतात आणि ती शरीराच्या तापमानालाही प्रभावी असतात. ओ रक्त चढविल्यास त्या पेशी फुटून जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. त्यामुळे तालुक्याच्या रक्तपेढीतही सीरमची ओ पेशींवरील तपासणी व क्रॉसमॅच कधीही वगळू नये.

उपचार : रक्त लागल्यास याच गटाचे किंवा स्वतःचे आधी साठविलेले रक्त देतात.